डोमाभाऊंच्या पाटीची बॅटरी

माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार कोणाचे, असं कोणी विचारलं तर मी डोमाजी भोयर हे नाव घेतो. आईबापाचं काय सांगायचं, ते वेगळंच खातं. डोमाभाऊ आमच्या गावच्या शाळेत शिपाई होते. गाव सिंदेवाहीहून बरंच आत, धानाच्या बांध्या, म्हणजे शेतं, संपून जंगल लागतं तिथं. आमच्या घरातला मी पहिला पदवीधर, आणि त्या पदवीत माझ्याइतकाच त्यांचाही घाम आहे.

डोमाभाऊ सायकल चालवताना बोलत नसत. रस्त्यात कोणी राम राम घातला की ते ब्रेक दाबायचे, खाली उतरायचे, सायकल स्टँडवर लावायचे आणि मग दोन्ही हात जोडून राम राम म्हणायचे. समोरच्याचं बोलणं संपेपर्यंत उभे राहायचे. तो गेला की पुन्हा टांग. शाळा घरापासून जेमतेम दहा मिनिटांवर होती, पण डोमाभाऊ तासभर आधी निघत. गावातली टवाळ पोरं थोड्याथोड्या अंतरावर उभी राहून मुद्दाम राम राम घालायची. त्या पोरांत मीही होतो, हे इथंच सांगून टाकतो.

एकदा नाल्याजवळ वाघ बसला होता. मोहफुलं वेचून परतणाऱ्या बायकांनी लांबूनच डोमाभाऊंना ओरडून सांगितलं. डोमाभाऊ उतरले, स्टँड लावला आणि विचारलं, "काय म्हणता जी?" बायका म्हणाल्या, वाघ आहे. डोमाभाऊ "बरं" म्हणाले, सायकल वळवली, टांग टाकली आणि माघारी आले. वाघानंही तोवर वाट पाहिली, असं गावात सांगतात.

एका वेळी एकच काम, हा त्यांचा कायदा. शाळेची घंटा म्हणजे झाडाला टांगलेला लोखंडी रुळाचा तुकडा. ते टोले देत असताना कोणी काही विचारलं तर उत्तर मिळत नसे, मग तो मुख्याध्यापक असो की तालुक्याचा साहेब. एका साहेबानं ऐन टोल्यांत हाक मारली. डोमाभाऊंनी घंटा पूर्ण केली, हातोडी खुंटीला लावली, रुळाचं थरथरणं तळहातानं थांबवलं आणि साहेबापुढे जाऊन उभे राहिले. "आता बोला साहेब. मी मोकळा आहो."

हे त्यांचं ठरलेलं वाक्य. मी मोकळा आहो.

जेवताना ते बोलत नसत. गिरजाबाई, म्हणजे त्यांच्या घरच्या, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं म्हणायच्या, "या माणसासंगं जेवणं म्हंजे फोटोसमोर निवद ठेवणं." हिवाळ्यात वडसा गावच्या कंपनीचं नाटक गावात आलं की डोमाभाऊ पुढच्या रांगेत बसायचे आणि गाणं सुरू झालं की डोळे मिटून घ्यायचे. लोकांना वाटायचं, झोप लागली. गाणं संपलं की डोळे उघडून शेजाऱ्याला विचारायचे, गाण्यात कोण कोण आलं, कोण गेलं. ऐकायचं तर ऐकायचं, पाहायचं तर पाहायचं.

मोठा झाल्यावर मी एकदा त्यांना विचारलं, असं काऊन करता? ते त्या वेळी शाळेचं अंगण झाडत होते. झाडून झालं, खराटा भिंतीला टेकला, मग उत्तर आलं. "अर्धं ध्यान देल्लं तं समोरच्याले समजते गा. तो बोलून दाखवत नाई."

दहावीला मला बरे गुण मिळाले आणि बाबांनी मला राइस मिलमध्ये लावायचं ठरवलं. डोमाभाऊ घरी आले, बाबांसमोर उकिडवे बसले आणि मोकळे आहेत असं सांगून दुपारभर बसून राहिले. त्यांनी वाद घातला नाही. "पोराले शिकू द्या" एवढंच अधूनमधून म्हणायचे. संध्याकाळी बाबा कंटाळून हो म्हणाले.

ब्रह्मपुरीच्या कॉलेजात प्रवेशाचा शेवटचा दिवस. आमची बस चुकली. डोमाभाऊंनी मला सायकलवर मागे बसवलं आणि निघण्याआधी नीट समजावलं. "मी चालवून राह्यलो. रस्त्यानं कोणी हाक मारली तं तू बोल. आज बोलाचं काम तुयं." मग सगळ्या वाटेनं मी डोमाभाऊंच्या वतीनं राम राम घेत गेलो. कुठे निघालात, पाऊस कसा आहे, गिरजाबाईंचा गुडघा बरा आहे का, सगळ्याची उत्तरं मी दिली. ते मान खाली घालून पायडल मारत राहिले. कॉलेजच्या खिडकीवर कळलं की एक दाखला कमी आहे. कारकून म्हणाला, उद्या आणा. मुदत तर आजच संपत होती. डोमाभाऊ खिडकीसमोरच्या पायरीवर बसले. कारकून जेवायला गेला, परत आला, चहा प्यायला, ते तिथंच. शेवटी त्यानं विचारलं, बाबा, तुमाले दुसरं काम नाई का? डोमाभाऊ म्हणाले, "नाई जी. आज हेच एक आहे." कारकुनानं हमीपत्रावर प्रवेश दिला.

पुढचं थोडक्यात सांगतो. मी पदवी घेतली, पुण्यात एका कंपनीत नोकरीला लागलो. डोमाभाऊ निवृत्त झाले. मग गिरजाबाई गेल्या. त्यांना मूलबाळ नव्हतं. त्यानंतरच्या पहिल्या दिवाळीला गावी जाताना मी डोमाभाऊंसाठी टॅबलेट नेला. मोठा पडदा, म्हणजे चष्म्याशिवायही माझं तोंड दिसेल.

त्यांनी तो दोन्ही हातांनी घेतला आणि त्याला पाटी म्हटलं. ते नाव कायम राहिलं. चार दिवस शिकवून मी त्यांना फोन घेणं, लावणं आणि चार्ज करणं एवढं पक्कं करून दिलं. दर रविवारी सकाळी दहाला मी व्हिडिओ कॉल लावायचं ठरलं. त्यासाठी ते सकाळी अंघोळ करून धुतलेला सदरा घालत. कोंबड्या बाहेर काढत, दार लोटून घेत, पाटी तांदळाच्या डब्याला टेकवत आणि दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून बसत. मी दिसलो की पहिलं वाक्य तेच. "बोल. मी मोकळा आहो."

मी मोकळा नसायचो. आमच्या कामात एकाच वेळी चार खिडक्या उघड्या ठेवाव्या लागतात आणि मग तीच सवय होते. डोमाभाऊ मला कोणाच्या बांधीत धानाचा रोवणा झाला, म्हणजे लावणी उरकली, शाळेचा कौलारू वऱ्हांडा पाडून काय बांधलं, ते सांगत, आणि मी हं हं करत लॅपटॉपवर ऑफिसचा तक्ता भरत असे. मेसेजला उत्तरं देत असे. एकदा ते बोलता बोलता थांबले. "तुया खोलीत कोणी टायपिंग करून राह्यलं का?" मी म्हणालो, नाही, पंख्याचा आवाज आहे. त्यांनी मान हलवली आणि पुढे बोलू लागले. त्या दिवशी त्यांनी पाच मिनिटं आधीच फोन ठेवला.

दुसऱ्या दिवाळीला मी गावी गेलो तेव्हा पाटीवर अपडेटची सूचना येऊन पडली होती. डोमाभाऊंनी तिला हात लावला नव्हता, कारण ते मी सांगितलेल्या तीन कामांत बसत नव्हतं. मी मोठ्या उत्साहात माझ्या फोनचं नेट जोडून अपडेट करून दिलं. त्यातून पडद्याचे दोन भाग करायची नवी सोय आली. मी ती दाखवली. वरच्या भागात फोन, खालच्या भागात दुसरं काहीही. म्हणालो, डोमाभाऊ, आता एका टायमाले दोन कामं होते. दोन ताटांत एकदम जेवायला वाढल्यासारखा त्यांचा चेहरा झाला. "एका पाटीवर दोन गणितं कोण करते गा? पुसून टाक." मी पुसून टाकलं.

पुण्याला परतलो आणि त्याच आठवड्यात बुधवारी, ऑफिसच्या जिन्यात, माझ्या खिशातल्या फोनवरून चुकून डोमाभाऊंना फोन लागला. मला कळलंही नाही. रविवारी त्यांनी विचारलं, "बुधवारी काऊन लावला होता? मले समजलाच नाई. मागून पाटीवर तुयं नाव दिसलं. काई झालं का?" चुकून लागला असं सांगायला कसंसंच वाटलं. मी म्हणालो, काही नाही डोमाभाऊ, सहज लावला. आठवण आली.

त्यांनी पाटी जरा जवळ ओढली. मग म्हणाले, "असं व्हय."

त्यानंतर पाटीच्या बॅटरीचं रडगाणं सुरू झालं. आधी ती शनिवारी चार्ज केली की मंगळवार-बुधवारपर्यंत टिकायची. आता दुपारपर्यंतसुद्धा टिकेना. शेजारी किसनाचं किराणा दुकान आहे. त्याच्या फोनवरून डोमाभाऊंचा निरोप आला, पाटीचा सेल उतरून राह्यला. मी निदान करून टाकलं की हे अपडेटमुळे. असं पुष्कळांचं होतं, मी वाचलं होतं. मी किसनामार्फत उपाय कळवले: मागे उघडं राहिलेलं सगळं बंद करा, पडद्याचा उजेड कमी करा.

डोमाभाऊंनी उजेड इतका कमी केला की घरात काही दिसेना. मग पाटीवर आणि डोक्यावर मिळून एकच घोंगडी घेऊन त्यांनी एक रविवार काढला. मला पडद्यावर फक्त अंधार आणि त्यातून "बोल, मी मोकळा आहो" ऐकू आलं. टॉर्चचे सेल उतरले की आमच्याकडे ते उन्हात ठेवतात, थोडा जीव धरतात. डोमाभाऊंनी पाटी छपराच्या कवेलूंवर उन्हात ठेवली. ती तापून बंद पडली. किसना म्हणाला, गरम झाली आता थंड करा. तर त्यांनी ती धानाच्या ढोलीत, म्हणजे कणगीत, पुरली, आणि मग ती कुठल्या बाजूला पुरली ते आठवेना. अर्धी खंडी धान उपसल्यावर सापडली. हे किसनानं मला इतकं रंगवून सांगितलं की मी ऑफिसात चार जणांना सांगितलं, आणि सगळे हसले.

हिवाळाभर हेच. रविवारी दहाला फोन लागायचा, डोमाभाऊ दोन वाक्यं बोलायचे आणि पाटी बंद पडायची. शेवटी शेवटी ते घाईघाईनं महत्त्वाचं आधी विचारू लागले. "काल भिजला का? तुमच्या इथी अवकाळी आला म्हणे." मला वाटायचं, किसनाच्या टीव्हीवर पाहिलं असेल. उत्तर देईपर्यंत त्यांचा चेहरा काळा व्हायचा. आता खरं लिहायला बसलो आहे तर हेही लिहितो. पडदा काळा झाला की मला बरं वाटायचं. रविवार मोकळा व्हायचा.

एप्रिलमध्ये चुलतभावाच्या लग्नाला गेलो. डोमाभाऊंनी गिरजाबाईंच्या लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळलेली पाटी माझ्या हातात दिली. वर चार्जरची वायर नीट घडी करून दोऱ्यानं बांधली होती. म्हणाले, "घेऊन जा. बरी झाली तं आण. नाई झाली तं राहू दे, तुले बी कामं असते." मी म्हणालो, पुण्यात आठ दिवसांत होईल.

ती तीन महिने माझ्या कपाटात राहिली. मध्ये दोनदा मी किसनाच्या फोनवर त्यांना बोलावून घेतलं. दोन्ही वेळा ते म्हणाले, दुकानात गिऱ्हाईक आहे, किसनाचा खोळंबा होते, ठेवतो.

जुलैत एका शनिवारी मी पाटी दुरुस्तीला नेली. आमच्या गल्लीत एक बाई हे काम करतात, चष्मा नाकावर, बोलणं मोजकं. त्यांनी बॅटरी तपासली आणि म्हणाल्या की बॅटरी चांगली आहे. मी अपडेटचं सांगितलं. त्या म्हणाल्या, "अपडेटनं सुरुवातीचे दोन-चार दिवस खाल्ली असेल. बाकी माणसानं खाल्लीय." मग त्यांनी पाटी माझ्याकडे फिरवली.

पडदा आपोआप बंद होण्याची वेळ काढून टाकलेली होती. तिथं 'कधीच नाही' असं होतं. उजेड पूर्ण होता. आणि पडद्याचे दोन भाग केलेले होते. वरच्या भागात फोनचं पान, त्यावर माझं नाव. खालच्या भागात पुण्याचं हवामान.

बाईंनी विचारलं, कोणाचा आहे हा? कुणीतरी रोज दिवसभर समोर घेऊन बसत होतं.

मी दुकानाच्या पायरीवरूनच किसनाला फोन लावला. त्याला यात नवल वाटलं नाही. म्हणाला, "डोमाभाऊले आयकू कमी येते ना रे आता. जनम गेला त्या घंटीखाली. जवळून बोललं तं आयकते, पण दुरून फोनची घंटी वाजली तं त्याले समजत नाई. म्हणून उजेडावर ध्यान ठेवून बसे. उजेड बारीक केला तं ओसरीवरून दिसत नाई म्हणे, मंग पुरा करून ठेवे. पडदा चालूच ठेवाचं आन् ते दोन भागाचं, मीच लावून देल्लं त्याले. तुया इथी पाणी आहे का नाई ते पाह्याचं होतं त्याले."

मी म्हणालो, पण मी तर रविवारी लावतो. रोज कायले?

"तू एक डाव बुधवारी लावला होता म्हणे. आठवण आली म्हणून. आता आठवण काय वार पाहून येते का, असा म्हणे तो मले."

तुम्हा वाचकांना मी हे सगळं सांगितलं, कारण डोमाभाऊंवर हसणाऱ्यांत मी सगळ्यात पुढे होतो. पण तुम्हाला सांगून भागत नाही. ज्यांना सांगायचं त्यांना त्याच संध्याकाळी पत्र लिहिलं. लॅपटॉप बंद केला, फोन दुसऱ्या खोलीत ठेवला आणि नुसतं पत्र लिहिलं. सवय नसल्यानं फार वेळ लागला. ते असं होतं:

तीर्थस्वरूप डोमाभाऊ यांस,

शिरसाष्टांग नमस्कार.

तुमची पाटी बिघडलेली नाही. अपडेटमुळेही काही झालेलं नाही. मी तसं सांगत राहिलो आणि तुम्ही माझ्यावर विश्वास ठेवून ती उन्हात ठेवली, धानात ठेवली. ती तुमच्याजवळ ठीक चालत होती. तीन महिने ती इथं माझ्या कपाटात पडून होती, दुरुस्तीला मी ती आज नेली.

दुसरं. त्या बुधवारचा फोन मी लावला नव्हता. खिशात दाबला गेला होता. आठवण आली असं मी म्हणालो ते खोटं होतं. तुम्ही त्यावर सहा महिने बसून राहिलात हे मला आज किसनाकडून कळलं. चूक झाली, एवढंच लिहितो.

तिसरं. त्या दिवशी टायपिंग मीच करत होतो. आमच्याकडे पंखा आवाज करत नाही. तुम्हाला ते तेव्हाच समजलं होतं, हे मला माहीत आहे.

मी सुट्टी टाकली आहे. येत्या शुक्रवारी चंद्रपूरला उतरून सिंदेवाहीची गाडी धरतो. पाटी सोबत आणतो. शनिवारी आपण ब्रह्मपुरीला कानाच्या डॉक्टरांकडे जाऊ. बसनं जाऊ. तुम्ही नको म्हणाल, पण मी पायरीवर बसून राहीन. ते मी तुमच्याकडूनच शिकलो आहे.

गाड्यांचा पावसात नेम नाही. मला पोचायला रात्रही होईल. तुम्ही वेळेवर जेवून घ्या, ओसरीवर बसू नका, पाण्याचे शिंतोडे येतात. माझी वाट पाहू नका. पाहालच, म्हणून दोन दिवस आधी पोचेल असं हे पत्र आजच टाकतो.

तुमचा,
मंगेश